डिसेंबरचा गुडघा

"हू ड्रेन्ड इट?" असं डॉक्टर क्वेकनी विचारलं आणि मी खोटं बोलले. त्यांनी काही आरोप केला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नोव्हेनाच्या मेडिकल सेंटरमधल्या नवव्या मजल्यावर, एमआरआयच्या काळ्या फिल्मा दिव्याच्या पेटीवर लावून, माझ्या डाव्या गुडघ्यामागच्या गाठीवर पेनाचं टोक टेकवत, भाजीचा भाव विचारावा इतक्या सहज त्यांनी विचारलं होतं. चार वर्षांत चार वेळा ही गाठ सुई घालून रिकामी केलीय हे मीच सांगितलं होतं, मग कुणी केली हे ते विचारणारच. आणि मी म्हटलं, "इंडियात. गावाकडचा कुणीतरी डॉक्टर." कुणीतरी! कराडात बेचाळीस वर्षं ज्यांनी अपेंडिक्स काढली, हर्निया शिवले, उसाच्या चरकात सापडलेले हात होते नव्हते तेवढे वाचवले, ते माझे वडील, कुणीतरी. क्वेकनी मान डोलावली. "आय सी," म्हणाले. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असलेल्या त्या माणसाचा मला इतका राग आला की पुढची दोन वाक्यं मला ऐकूच आली नाहीत.

राग त्यांचा नव्हता हे मला तिथंच कळत होतं, पण कळून काय उपयोग. टेबलावर एक प्लास्टिकचा गुडघा होता. क्वेकनी तो मधोमध उघडला आणि सावकाश, परत परत सांगून, मला समजावलं. गाठ हा आजारच नाही. आजार आत आहे. दोन हाडांमधली गादी फाटलीय, ती घासते, म्हणून सांधा पाणी सोडत राहतो. पाणी जास्त झालं की मागच्या एका फटीतून बाहेरच्या पिशवीत जातं, आणि त्या फटीला असते झडप, एकाच बाजूला उघडणारी. पाणी जातं, परत येत नाही. पिशवी फुगते, तिलाच आपण गाठ म्हणतो. "सुईनं पिशवी रिकामी होते. नळ चालूच राहतो," क्वेक म्हणाले. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि तो बंब घेऊन चार वर्षं धावत होते माझे वडील. आता करायचं काय, तर दोन-तीन लहान भोकं पाडून आत पेन्सिलीएवढी दुर्बीण घालायची, गादीचा फाटका भाग छाटायचा, मागची झडप कापून फट मोकळी करायची, की पिशवी आपोआप आटते. मोठी चीर नाही, संध्याकाळी घरी. गुरुवारी सकाळी जागा आहे. मी विचारलं, गादी किती उरेल? ते म्हणाले, आत गेल्यावर कळेल. "टू, थ्री इयर्स अर्लियर, मेबी कॅन स्टिच. नाऊ..." आणि त्यांनी हात नुसता हलवला. मी गुरुवार घेतला. दारापर्यंत गेले आणि लंगडत परत येऊन म्हणाले, मी अजून विचार करतेय, उद्या फोन करून सांगते.

विचार कसला करायचा होता? ते सांगायला गेलं तर कुणालाही हसू येईल. माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दवाखाना बंद होऊन पाच वर्षं झाली. पेशंट म्हणून त्यांच्याकडे आता एकच माणूस येतं, ते म्हणजे मी, वर्षातून एकदा, डिसेंबरात, हा गुडघा घेऊन. तो गुडघा मी इथं, दोन भोकांतून, एका सकाळीत दुरुस्त करून घेतला तर बाबा डॉक्टर राहत नाहीत. मग ते नुसते बाबा, आणि नुसत्या बाबांशी काय बोलायचं ते मला कधीच आलेलं नाही. आणि नाही करून घेतला, तर मी चव्वेचाळिसाव्या वर्षी पायऱ्यांचा कठडा धरून चालणारी बाई.

टॅक्सीतले अंकल आरशातून बघत म्हणाले, "आंटी, लेग पेन आह? यू मस्ट रब जिंजर." मी म्हटलं, येस अंकल. मला आंटी म्हणणारा माणूस स्वतः सत्तरीचा होता. पीआयई हायवेवर गाड्या तुंबल्या होत्या आणि मी पाय सीटवर आडवा टाकून बसले होते. गुडघ्यामागे ती गाठ लिंबाएवढी, वाकवला की ताणणारी. मागच्या आठवड्यात तर पोटरीच सुजून टणक झाली, म्हणून ऑफिसच्या पॅनेलवरच्या डॉक्टरनं घाबरून रक्ताची गुठळी असेल म्हणून स्कॅन करायला लावला. गुठळी नव्हती, गाठ गळून पाणी खाली उतरलं होतं. ते झालं नसतं तर मी नोव्हेनाला फिरकलेच नसते. का फिरकले नसते? आमच्याकडे, म्हणजे इथल्या बहुतेक मराठी घरांत, दुखणी साठवायची पद्धत आहे. दाढ ठणकली, डिसेंबरात सुट्टीला गावी गेलो की बघू. चष्म्याचा नंबर वाढला, डिसेंबरात. तीन वर्षांपूर्वी माझी मैत्रीण अनघा खांद्याला गरम पाण्याची पिशवी लावत सात महिने बसली, कारण पुण्यात तिचा मामेभाऊ हाडांचा डॉक्टर. कंपनीचा विमा प्रत्येकाच्या पर्समध्ये असतो, जगातून लोक उपचाराला इथं येतात, आणि आम्ही इथले, ज्वारीचं पीठ आणि गोडा मसाला आणायच्या यादीच्या पाठीमागे आपापली दुखणी लिहून ठेवतो. विचारलं तर म्हणायचं, आपले डॉक्टर हात लावून बघतात, हे लोक नुसत्या फिल्मा बघतात. मीही म्हणत आले. हळदीकुंकवाला, ऐटीत, दुसऱ्यांना सल्ला म्हणून.

पण माझं कारण ते नव्हतंच. माझं कारण होतं ते जेवणाचं टेबल. पहिल्या डिसेंबरात, २००३ साली, आई जाऊन दहा महिने झाले होते. मी एकटीच आठ दिवसांसाठी गेले. आम्ही दोघं सगळा जन्म आईमार्फत बोललेलो. सुलूला विचार, बाबांना सांग. आई गेली आणि मधलं टेलिफोन एक्स्चेंजच बंद पडलं. सकाळी बाबा आणि मी समोरासमोर बसून एकाच पेपरची वेगवेगळी पानं वाचायचो. चहा हवाय का. हो. ऊन आलंय, खुर्ची सरकव. बरं. चौथ्या दिवशी, काहीतरी बोलायचं म्हणून, अगदी काहीतरीच म्हणून मी म्हटलं, "बाबा, गुडघ्यामागे काहीतरी आलंय बघा." आणि ते माणूस बदललं. पेपर खाली, चष्मा वर. "पालथी झोप." दवाखान्याची पुढची खोली माझ्या भावानं, प्रतापनं, मोबाइलच्या दुकानाला देऊन टाकली होती, म्हणून जेवणाच्या टेबलावर रबरी शीट अंथरलं. प्रतापला पिटाळून वीस सीसीची सिरिंज आणि जाड सुई आणवली. स्पिरिटचा वास आला, त्यांची बोटं गुडघ्यामागे फिरली, थंड, अजिबात न घाबरणारी, आणि सुई जाता जाता ते बोलायला लागले. तुझ्या आईला मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिच्या पायाला गळू होतं. मी कापलं. ओरडली नाही, पण नंतर माझ्याकडे बघितलंही नाही. पुढे कितीतरी. कोयनेच्या भूकंपाच्या रात्री केलेली ऑपरेशनं. दगावलेलं एक मूल, त्याचं नावसुद्धा अजून लक्षात. मी पालथी, तोंड टेबलाच्या लाकडाशी, त्यांना माझा चेहरा दिसत नाही, मला त्यांचा नाही. त्या वीस मिनिटांत बाबा जेवढं बोलले तेवढं आधीच्या चाळीस वर्षांत बोलले नव्हते. मग सिरिंज उजेडात धरून ते पिवळसर पाणी मला दाखवलं, घट्ट क्रेप बँडेज बांधलं, आणि उठून स्वतः जायफळ घालून कॉफी केली. त्यांना कॉफी करता येते हेही मला तेव्हाच कळलं.

गाठ फेब्रुवारीत परत आली. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. मी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे हात नेऊन ती चाचपायचे आणि मनात महिने मोजायचे. पुढच्या डिसेंबरात परत टेबल, परत रबरी शीट. तिसऱ्या खेपेला ते आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलले. गेल्या खेपेला मात्र त्यांना जागा नीट सापडेना. सुई एकदा चुकली, दुसऱ्यांदा टोचावी लागली. मी तोंड लाकडाला दाबून धरलं, त्यांनी बँडेज बांधलं. शेवटी म्हणाले, "दुखलं का गं?" मी म्हटलं, "छे, कळलंसुद्धा नाही." दोन दिवस पाय काळानिळा होता. आणि या अशा माणसाला मी आज एका अनोळखी पोरसवदा सर्जनपुढे कुणीतरी करून टाकलं. लाज बाबांची वाटली, की क्वेकनी त्यांना नावं ठेवू नयेत म्हणून त्यांचं नाव लपवलं? दोन्ही असेल. मला माझाच उबग आला होता आणि अंकल आल्याचे फायदे सांगत होते.

बुकित बातोकला घरी निशिकांत लवकर आला होता. लॅपटॉप उघडा, कानात हेडफोन. मी सगळं सांगितलं, झडप, गादी, गुरुवार, बाबा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, नवऱ्याचं सगळं कर्तव्य केलं, आणि म्हणाला, "तुझं तू ठरव." माझ्या डोक्यात तिडीक गेली. सोळा वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की दारावर पाटी करून लावावी. "मी ठरवते रे," मी म्हटलं, "पण तुला काय वाटतं ते तरी सांगशील?" तो म्हणाला, "मला वाटतं करून घ्यावंस. पण बाबांना वाईट वाटेल." "हे मला माहीत नाही का?" "मग विचारलंस कशाला?" मैत्रेयी सोफ्यावर गणितं सोडवत होती, तेरा वर्षांची, मान वर न करता म्हणाली, "मा, जस्ट डू लाह. आजोबा इज व्हेरी ओल्ड ऑलरेडी." मी तिच्यावर ओरडले. काय चुकीचं बोलली होती? काहीच नाही. म्हणूनच ओरडले.

कराडला पाच वाजले असतील या हिशेबानं मी कॉलिंग कार्ड खरवडून फोन लावला. बाबांनीच उचलला. मी आडवळणानं सुरुवात केली, हवा कशी आहे, प्रतापची बायको माहेराहून आली का. ते म्हणाले, "सुलू, मुद्द्याचं बोल." मी बोलले.

"दुर्बीण घालणार? कशाला?"

"आतली गादी फाटलीय म्हणतात."

"म्हणतात! पन्नाशी जवळ आली की सगळ्यांच्याच गाद्या फाटतात. फिल्म काढली की काहीतरी निघतंच. तू थांब डिसेंबरपर्यंत."

"बाबा, पोटरी सुजली होती. गुठळी असेल म्हणून सगळे घाबरले होते."

"गाठ फुटली असणार. जिरेल आपोआप. पाय उंच ठेव, क्रेप बांध."

"मला चालता येत नाहीये."

"मग चालू नकोस," ते म्हणाले. असा संताप आला मला! ऑफिस यांनी चालवायचं होतं का माझं? घर? मी म्हटलं, "गुरुवारी करून घेतेय मी."

"मग मला कशाला विचारतेस?"

"विचारत नाहीये. सांगतेय."

"बरं," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवला. नीट ठेवला, आदळला नाही. आदळला असता तर मला बरं वाटलं असतं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी वडिलांना उलट बोलले होते आणि जिंकले होते, आणि ते खरवडलेलं कार्ड हातात धरून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी नोव्हेनाला फोन करून येते म्हणून सांगितलं.

गुरुवारी हॉस्पिटलात त्यांनी माझ्या डाव्या मांडीवर मार्करनं बाण काढला, कंबरेतून इंजेक्शन दिलं, आणि कमरेखालची मी कुणा दुसऱ्याची झाले. झोपायचं की बघायचं, असं भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी म्हटलं, बघणार. सर्जनची मुलगी ना. पडद्यावर माझ्या गुडघ्याचं आतलं दिसायला लागलं, धुवट पांढरं, पाण्याखालचं, बरंच स्वच्छ. मग क्वेकनी दुर्बीण वळवली आणि ती गादी दिसली. काठ झिजून तिच्या दशा निघाल्या होत्या, जुन्या टॉवेलच्या निघतात तशा, आणि पाण्यात त्या आपल्या हलत होत्या. "सी धिस वन? ओल्ड टेअर," क्वेक म्हणाले. "फोर, फाइव्ह इयर्स गॉट." बारीक चिमट्यानं ते एकेक तुकडा तोडून काढत होते आणि मी मोजत होते. प्रत्येक तुकडा एकेका डिसेंबराचा, असं काहीबाही डोक्यात येत होतं, आणि ते थांबवता येत नव्हतं. ही मी. पावसासारखी वर्षं गेली आणि मी गाठ कुरवाळत बसले. दुखतंय तर दुखतंय, ठणकतंय तर ठणकतंय, फक्त ते टेबल मिळायला हवं. याला प्रेम म्हणायचं की मूर्खपणा? मग दुर्बीण मागच्या बाजूला गेली. एक पातळसा पापुद्रा होता, तीच ती झडप, क्वेकनी तो कापला, आणि पडद्यावर एकदम सगळं पिवळट, गढूळ झालं. पिशवीतलं पाणी आत आलं होतं. "देअर. नाऊ टू-वे," ते खुशीत म्हणाले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नर्सनं विचारलं, थंडी वाजतेय का? मी हो म्हटलं. तिनं माझ्या अंगावर आणखी एक ब्लँकेट घातलं.

शनिवारी दुपारी फोन वाजला. मी सोफ्यावर, पायावर बर्फाची पिशवी. निशिकांत मैत्रेयीला घेऊन ट्यूशनला गेला होता. बाबा होते. बाबांनी कधी आयएसडी केला नव्हता. फोन नेहमी मीच करायचे. मागून दुकानातल्या मोबाइलच्या रिंगटोन ऐकू येत होत्या, म्हणजे ते पुढच्या खोलीत, आपल्या जुन्या दवाखान्यात, त्या दुकानदाराच्या फोनवरून बोलत होते.

"ताप?"

"नाही."

"पोटरी दुखते? बोटं हलतात?"

"हलतात, बाबा."

"गादी किती काढली?"

खोटं बोलता आलं असतं. थोडीशी, असं म्हणता आलं असतं. पण मला नव्हतं म्हणायचं. मला त्यांना लागायला हवं होतं, खरंच, आणि हे मी कबूल करते. "अर्ध्याहून जास्त," मी म्हटलं. "शिवता आली नाही. दोन-तीन वर्षं आधी आल्या असतात तर शिवली असती, म्हणाले."

रिंगटोन वाजत राहिल्या. मग बाबा म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं."

मी बर्फाची पिशवी गुडघ्यावर नीट केली.

"दुसऱ्या डिसेंबरात मला कळलं होतं," ते म्हणाले. "तू टेबलावर होतीस. गुडघा वाकवून फिरवला तर बोटाला टक् लागलं. गादीच ती. त्याच दिवशी पुण्याला पाठवायला हवं होतं तुला. शिकाऊ पोरालासुद्धा कळतं."

"मग?"

"मग काय. नाही पाठवलं."

"का, बाबा?"

"तू तिकडेच करून घेतलं असतंस." त्यांचा आवाज अगदी साधा होता, पेशंटच्या नातेवाइकांना सांगायचे तसा. "मग माझ्याकडे काय राहिलं असतं तुझ्यासाठी करण्यासारखं?"

बर्फाची पिशवी खाली पडली ती मी उचलली नाही. हा माझा बाप, आणि यानं माझा पाय, जाणूनबुजून, तीन वर्षं! एखाद्या परक्या डॉक्टरनं हे केलं असतं तर मी त्याला कोर्टात खेचलं असतं. फोन फेकावासा वाटला. ओरडावंसं वाटलं की बाबा, मला पुढची तीस वर्षं या पायानं चालायचंय. ओरडले नाही, कारण संताप तसाच धगधगत असताना मला दुसरंही दिसत होतं. मला कुणी बांधून ठेवलं होतं का? नोव्हेना घरापासून टॅक्सीनं अर्ध्या तासावर, विम्याचं कार्ड पर्समध्ये, आणि मी चार वर्षं एकाही डॉक्टरला गुडघा दाखवला नव्हता. त्यांनी लपवलं, मी जपलं. दोघांनी मिळून वाट लावली माझ्या गुडघ्याची, आणि वर कॉफी प्यायलो. पण त्यांचं माझ्यापेक्षा जास्त चुकलं होतं. डॉक्टर ते होते. हे मी त्यांना सोडणार नव्हते. त्यांनी माफी मागितली नाही, आणि मीही जाऊ दे म्हटलं नाही. जाऊ देण्यासारखं नव्हतंच ते.

"सुलू, आहेस का?"

"आहे."

"बोल ना काहीतरी."

"डिसेंबरात येतेय मी," मी म्हटलं.

"आता कशाला?"

"भांडायला."

पलीकडे कुणीतरी गिऱ्हाईक रीचार्जबद्दल काहीतरी विचारत होतं. मग बाबा घसा साफ करून म्हणाले, "मग पंधरा दिवस काढून ये. आठात नाही उरकायचं ते."